आ केल्यावर दिसणारं गाव

मी सईचा टूथब्रश बोलतोय. काल रात्री सईच्या आईचा, उमाचा, डोळ्याला डोळा लागला नाही. सईचा बाबा, मंदार, वर्षानं घरी यायचा होता. पोर चार वर्षांची. तिनं ओळखलंच नाही तर? फोनमधला माणूस आणि दारातला माणूस एकच, हे तिला कोण पटवणार?

मी चीनमधल्या यांगझोऊचा. चिकलठाण्याच्या कारखान्यानं मंदारला तिथं नवी यंत्रं शिकायला पाठवलं होतं. परतणाऱ्या सोबत्याच्या हाती त्यानं मला लेकीसाठी धाडलं.

माझं गाव जुन्या कालव्याकाठी आहे. काठावरची झाडं केस सोडून पाण्यावर वाकलेली. धुक्यात नाव आधी ऐकू येते, मग दिसते. तिथं ब्रश इतके बनतात, की लहानपणी मला वाटायचं, जगाला नुसते दातच आहेत.

सई मात्र तोंड उघडेना. मग उमानं युक्ती काढली. "आ कर, बाबाचं गाव दिसेल!" पुढचे दात म्हणजे कालवा. दाढ म्हणजे कमानीचा पूल, त्याखाली बदकं झोपलेली. फेस म्हणजे धुकं. वेशीवर तिनं आपल्या शहरातला जुना मकाई दरवाजाही बसवून टाकला. असला दरवाजा माझ्या गावात कुठला! पण खरं सांगू? मलाही तेच गाव आवडू लागलं होतं.

सासरे दत्तोपंत हसायचे. "सूनबाई, कधी जाऊन आलात चीनला?"

"अण्णा, मी अजून दौलताबादचा किल्लाही धड वरपर्यंत चढले नाही."

रोज त्या गावात हिंडून माझे केस वाकडे झाले. आता माझी बदली होणार, आधी कंगवा घासायला, मग नळाची तोटी. चालेल. फक्त एकदम फेकू नका, एवढंच मागणं.

आज सकाळी मंदार आला. सई आईच्या ओढणीमागं. त्यानं नवा ब्रश पुढं केला, तिनं हात लावला नाही. बेसिनपाशी तो म्हणाला, "मी घासून देऊ?" तिनं ओठ घट्ट मिटले. उमा उगाच नळ पुसत राहिली.

मग सईनं विचारलं, "बदकं कुठं झोपतात?"

मंदारनं उमाकडं पाहिलं. उमानं नळाकडं.

"मला नाही गं माहीत," तो म्हणाला.

सईनं मला उचललं, त्याचा सदरा खाली ओढला. "इतके दिवस तिथं काय केलंस, बाबा? बस खाली. आ कर, मी दाखवते."