अंगाऱ्याभोवतीचं कडं

कामथडीच्या माळावर रविवारी टेम्पो लावायला जागा उरत नसे. कोंडिबा महाराजांच्या अंगाऱ्याने ताप उतरतो, जखम सुकते, हे खोटं नव्हतं. म्हणूनच गर्दी हटत नव्हती.

"हितं रिपोर्ट लागत न्हाई, लाईन लागती," महाराज माइकवरून सांगत. "डाक्टर बाटलीभर रक्त काढतो, आमी चिमूटभर देतो."

शेजारच्या रतनबाई पुडी घेऊन आल्या. त्यांची सून सुलक्षणा बाळंतीण. टाके पिकलेले, अंगात ताप. त्यांनी तिला चिमूट दिली, मग नवऱ्याला, मुलाला, मला. प्रसाद एकट्याने खायचा नसतो.

"घे गं. तुझ्या आप्पांचा पाय ह्यानंच बरा झाला हुता."

झाला होता. दोनदा. तिसऱ्यांदा नाही. माघात वडील गेले, तेव्हा त्यांच्या रिपोर्टवर अकरा औषधं होती आणि प्रत्येकापुढे एकच शेरा: लागू पडणार नाही.

मी चिमूट कागदात बांधली. भोरच्या ज्या लॅबमध्ये मी काम करते, तिथे दोन ताटल्यांत जंतू पसरले. एकीत साधे, दुसरीत आप्पांच्या जखमेतले, आम्ही गोठवून ठेवलेले. दोन्हींत एकीकडे चुलीची राख ठेवली, दुसरीकडे अंगारा. दुसऱ्या दिवशी रतनबाईंना एसटीने घेऊन गेले.

पहिल्या बंद ताटलीत चुलीच्या राखेभोवती जंतूंचा पांढुरका थर तसाच होता. अंगाऱ्याभोवती मात्र रुपयाएवढं स्वच्छ कडं पडलं होतं.

"बघ, पावर हाय म्हाराजांत."

"पावर जंतू मारणाऱ्या गोळीत आहे, मावशी. कुटून राखेत मिसळलीय." अंगारा चाळताना निघालेला गोळीचा गुलाबी कपचा मी त्यांच्यापुढे ठेवला.

दुसऱ्या ताटलीत कुठेच कडं नव्हतं.

"हे आप्पांचे जंतू. चिमूट चिमूट औषधाने दुबळे मेले, चिवट तेवढे उरले आणि वाढले. पुढे पुरं औषध दिलं, तरी ते मरेनात."

रतनबाईंनी दुसरी ताटली जवळ ओढली. "म्हंजी म्या सुलक्षणेला…"

"अजून वेळ आहे. टाक्यातला पू तपासू."

त्याच संध्याकाळी सुलक्षणा दवाखान्यात दाखल झाली.

ताटल्यांची बातमी महाराजांपर्यंत पोचली होती. पुढच्या रविवारी मी आणि रतनबाई माळावर गेलो, तेव्हा ते माइकवरून म्हणाले, "लॅबवाल्या पोरीला बापाचं दुःख लागलंय. डोकं फिरलंय तिचं."

"दुःख लागलंय," मी म्हणाले. "डोकं जागेवर आहे."

रतनबाई रांग सोडून पुढे गेल्या. हातात सुनेचा रिपोर्ट. "म्हाराज, माज्या सुनेला चार औषधं लागू न्हाईत, तीन हाईत. त्या चारातलं तुमचं कंचं?"

महाराजांनी माइक बंद केला. रांग मात्र मोकळी व्हायला तासभर लागला. काही जण अजूनही जातात.

त्यांना एवढंच सांगायचं आहे. औषध प्रसादासारखं वाटू नका. ज्याचं त्याने, डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस घ्या. आणि ज्या पुडीवर नाव नाही, ती देवाच्या नावाने दिली तरी आधी विचारा, आत काय आहे.