टाच अधांतरी

आमच्या वॉर्डातल्या उशा चोरीला जात नाहीत, सहा नंबरच्या काकांकडे जातात. शुक्रवारी सकाळी मोजल्या तर त्यांच्या एकट्याच्या पलंगावर अकरा! बगलेत, कमरेशी, पायांभोवती, आणि राहिलेल्या फटींत चादरींच्या गुंडाळ्या.

काकांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. ते आणि त्यांचा मुलगा, दोघेही काचसामानाच्या गोदामात पॅकिंग करणारे.

"हा काय प्रकार?" मी विचारलं.

"बाबांनी सांगितलं तसं भरलं, सिस्टर," मुलगा छाती फुगवून म्हणाला. "आता तसूभर हलायचे नाहीत."

"आमच्या हातचा माल आजवर फुटलेला नाही," उशांमधून डोकं काढत काकांनी पुस्ती जोडली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे मी घसा फोडून सांगितलं होतं. तरातरा उशा उपसल्या आणि पाहते तर काय, ऑपरेशनच्या पायाची टाच लालभडक. बोटानं दाबली तरी लाली हटेना. सोमवारी काकांना पहिल्यांदा उभं करायचं होतं. तिथली कातडी फुटली तर ते पंधरा दिवस तरी लांबणार, आणि या वयात पडून राहिलेला माणूस खचत जातो. मी काही लपवलं नाही, तोंडावर सांगितलं. मुलाचा चेहरा एवढासा झाला.

काकांना मात्र पटेना. "हलूच द्यायचं तर भरायचं कशाला?"

"काका, कानवाला कप कसा भरता?"

"कानाला काही टेकू द्यायचं नाही, पहिला तोच तुटतो. भार सगळा पोटावर..." काका थांबले. पायाकडे बघितलं आणि मुलावर डाफरले, "अरे, टाच म्हणजे कान की रे! त्याच्याखाली उशी कोंबलीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, फट ठेवू नकोस!"

मी एक उशी पोटरीखाली लांबट ठेवली, टाच अधांतरी. दुसरी दोन्ही पायांच्या मध्ये, तिसरी पाठीशी. बाकीच्या ज्यांच्या त्यांना परत. त्यानंतर काकांनी घड्याळच ताब्यात घेतलं. दोन तास झाले की "कूस!" म्हणून असे ओरडायचे की पाच नंबरही वळायचा. मुलगा मात्र लांब उभा राहायचा. बापाची चादरसुद्धा मला विचारून सरकवायचा. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

सोमवारी सकाळी लाली शोधूनही सापडली नाही. मी तर टाळीच वाजवली!

काका वॉकर धरून उठले. हातांवर भार तोलत उभे राहिले. मुलगा भिंतीशी, हात मागे बांधून.

"ये, धर मला," काका म्हणाले.

"मी नको, बाबा. सिस्टर आहेत ना."

"तूच ये. फक्त घट्ट धरू नकोस."