बुधवारची दुसरी खुर्ची

बाईंच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. त्यातली एक वापरून वापरून बसकी झाली होती आणि दुसरी अजून दुकानातून आल्यासारखी होती. ही दुसरी विद्यार्थ्यांसाठी.

गणित विभागाने योजना काढली होती. पहिल्या वर्षाची काही मुलं एकेका शिक्षकाला वाटून द्यायची, तो त्यांचा पालक-शिक्षक, शिक्षकाने बुधवारी दुपारी दार उघडं ठेवायचं आणि मुलांनी येऊन आपल्या अडचणी सांगायच्या. योजना कागदावर झकास होती. समोरच्या खोलीतले सर दुपार झाली की खुर्चीवर पिशवी ठेवून चहाला जायचे. पिशवी दिसली म्हणजे सर आहेतच, असा त्यांचा हिशेब. बाईंना असली चलाखी कधी जमली नाही. त्या जेवण उरकून वेळेआधी यायच्या, जुनी टेलिफोन डिरेक्टरी दाराला अडसर म्हणून लावायच्या, दुसरी खुर्ची पुसायच्या आणि वाट बघायच्या. कॉरिडॉरमध्ये पावलं वाजायची, जवळ यायची आणि स्वच्छतागृहाकडे वळायची.

मुलांनी बाईंचं नाव ‘उत्तरसूची’ ठेवलं होतं. फळ्यावर त्या कधी अडखळत नसत. खडू पहिल्या ओळीवर टेकला की शेवटच्या ओळीखाली दुहेरी रेघ मारूनच थांबायचा. या नावाचा त्यांना राग नव्हता. खरं सांगायचं तर मनातून त्या सुखावल्याच होत्या. मात्र त्या सफाईमागे आदल्या संध्याकाळची मेहनत असायची, ती कोणाला ठाऊक नव्हती. शिकवायचं प्रत्येक गणित त्या घरी जेवणाच्या टेबलावर सोडवून, चुका खोडून, पुन्हा स्वच्छ लिहून आणायच्या.

त्याच टेबलावर पूर्वी समोर दादा बसायचा. थोरला भाऊ, शाळेत गणित शिकवायचा. दोघांनीही लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणारी माणसंही एकेक करून संपली. जेवता जेवता दोघं एखादं गणित घेऊन भांडत बसायची. नियम एकच होता. एकजण अडला तर दुसऱ्याने गप्प बसायचं. बाईंना राहवायचं नाही, त्या तोंड उघडायच्या आणि दादा हात वर करायचा, “थांब, सांगू नकोस.” मग त्याची आमटी म्हणू नका, चहा म्हणू नका, सगळं गार व्हायचं. गेल्या वर्षी दादा गेला. तेव्हापासून बाई त्या टेबलावर एकट्याच अडायच्या आणि एकट्याच सुटायच्या. घरात बोलायचं म्हणून कधी कधी किटलीशी बोलायच्या.

तर अशा एका बुधवारी दारात एक उंच मुलगी उभी राहिली. दोन्ही चाचण्यांत काठावर नापास. आत आली तीही वाकून, जणू दार तिच्यासाठी बुटकं होतं.

“मॅडम, हे जमत नाहीये.”

“बस की. कुठलं?”

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिला एकाऐवजी तीन गणितं सोडवून दाखवली. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. मुलगी मान डोलावत होती.

“समजलं?”

“हो मॅडम.”

पुढच्या बुधवारी ती परत आली. त्याच्या पुढच्याही. बाई आता येताना बिस्किटांचा पुडा आणू लागल्या. आदल्या संध्याकाळी तिच्यासाठी वेगळी गणितं काढून ठेवू लागल्या, एकापेक्षा एक सुबक. आठवड्याला एक बुधवार असतो हे त्यांना प्रथमच कमी वाटू लागलं. मुलगी दर वेळी “समजलं” म्हणायची, एक बिस्किट घ्यायची आणि जायची.

तिसऱ्या चाचणीत तिला आधीपेक्षाही कमी गुण पडले.

त्या बुधवारी तिच्या हातात वही नव्हती, एक अर्ज होता. शिक्षण सोडण्याचा. पालक-शिक्षकाची सही लागते म्हणून आणलेला. बाईंनी तो वाचला आणि चष्मा काढून पुन्हा लावला.

“घरी काही झालंय का?”

“नाही. बाबा म्हणाले, नसेल झेपत तर ये परत, दुकानात बस. रागावले नाहीत.” ती खुर्चीच्या कडेवर बसली. “रागावले असते तर बरं झालं असतं.”

“अगं, पण तुला समजत होतं ना? दर वेळी हो म्हणालीस.”

“तुम्ही सोडवता तेव्हा सगळं समजतं, मॅडम. खोलीवर गेले की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. तुम्ही तर कुठेच थांबत नाही. ज्यांना गणित येतं ते असे असतात, हे इथे येऊनच मला कळलं. मी दर ओळीला अडते. म्हणजे मी चुकून या वाटेला आले.”

बाईंना आपण पालथ्या घड्यावर पाणी ओतत होतो असं म्हणता आलं असतं. पण घडा पालथा नव्हता. ओतणारीनेच त्यावर झाकण ठेवलं होतं. त्यांना लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. सही केली की ही खुर्ची पुन्हा नवी राहणार होती, आणि ही मुलगी जन्मभर दुकानात बसून स्वतःला मठ्ठ समजणार होती.

“सही करीन,” त्या म्हणाल्या. “त्याआधी एक काम कर. त्या कपाटातलं कुठलंही पुस्तक काढ आणि मी न शिकवलेलं एखादं गणित वाच.”

मुलीने कोड्यांचं एक जाडजूड पुस्तक काढलं. ते दादाचं होतं, पण तिला काय माहीत. तिने मधलंच पान उघडून वाचलं. फरशी तीन चौकोनांची, काटकोनात वळलेली. असल्या फरशा न तोडता कुठल्या कुठल्या मापाच्या खोल्या पूर्ण भरतील?

“सोपं आहे,” बाई सवयीने म्हणाल्या आणि खडू उचलला. “खोलीतल्या चौकोनांच्या संख्येला तीनाने भाग गेला की खोली भरणार. आता सिद्ध करू.” ओळी धावू लागल्या. अर्ध्या फळ्यावर आल्यावर खडू हळू झाला. मग थांबला. बाईंनी मागच्या दोन ओळी पुसल्या, वेगळ्या लिहिल्या, त्याही पुसल्या.

“घोडं कुठे पेंड खातंय?” त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

दादा गेल्यापासून कोणासमोर त्या अशा अडल्या नव्हत्या. कान तापले. मागे मुलगी काहीतरी बोलायला गेली आणि बाईंचा हात आपोआप वर झाला.

“थांब, सांगू नकोस.”

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना ते ओळखू आले. त्या फळ्याकडे तोंड करून तशाच उभ्या राहिल्या. मग वळून म्हणाल्या, “बरं, नाही येत मला. सांग आता.”

“नाही, म्हणजे... आधी एक लहान खोली घेऊन बघू या का? तीन बाय तीनची?”

ती उठली. बाईंनी तिला खडू दिला. तिने नऊ चौकोन आखले, एका कोपऱ्यात फरशी बसवली, दुसरी बसवली आणि थांबली. पुसून पुन्हा बसवली. बाईंनी दुसऱ्या टोकाने प्रयत्न केला. दर वेळी काहीतरी वेडंवाकडं उरत होतं. नऊला तीनाने भाग जातो, पण खोली भरत नव्हती.

“म्हणजे माझं पहिलं वाक्यच चूक,” बाई म्हणाल्या.

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हसली. इतक्या बुधवारांत पहिल्यांदाच.

शिपाई किल्ल्या वाजवत दारात आला. “मॅडम, कुलूप लावायचंय.”

“मग पुढे काय?” मुलीने विचारलं.

“माहीत नाही. आणि या वेळी मी घरी बघूनही येणार नाही.”

मुलगी अर्ज घेऊन गेली. सहीचं दोघींच्याही लक्षात राहिलं नव्हतं. निदान बाईंनी स्वतःला तरी तसंच सांगितलं.

तो आठवडा त्यांना जड गेला. टेबलावर बसल्या की हात पेन्सिलीकडे जायचा. त्या पेन्सिल खणात टाकायच्या आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत बसायच्या. दुसऱ्या कोणाकडून सही घेऊन मुलगी गेलीही असेल, असं वाटायचं. वर्गात ती दिसत नव्हती. विचारायचं तरी कोणाला?

बुधवारी त्यांनी दाराला डिरेक्टरी लावली, पण खुर्ची पुसली नाही. बिस्किटंही आणली नव्हती, फक्त स्वतःपुरता चहा मागवला होता. उगाच आशा नको. कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली, जवळ आली आणि वळली. परत वाजली, तीही वळली.

तिसऱ्यांदा वाजलेली आत आली. मुलीने टेबलावर अर्ज ठेवला. तो आता अर्ज उरला नव्हता. मागेपुढे, समासात, सहीच्या जागेवरसुद्धा चौकोनच चौकोन होते.

“मॅडम, तीन बाय पाचचीपण नाही भरत. सातचीपण नाही. का ते अजून कळलं नाही. वर्गाला दांडी झाली त्यापायी.” मग तिने दप्तरातून चाचणीचा पेपर काढला. “आणि यातलं पहिलं मी करून बघते. तुम्ही नुसतं बसा.”

फळ्याजवळ फक्त नवी खुर्चीच होती. बाई तिच्यावर बसल्या. बसायला अगदीच कडक होती.

मुलीने पहिली ओळ लिहिली. दुसरी लिहिली. तिसरीला खडू थांबला. बाईंना चूक लख्ख दिसत होती, एका चिन्हाची, जिभेच्या टोकावर आलेली. राहवलं नाही. त्यांनी तोंड उघडलं.

मुलीने मागे न बघताच हात वर केला.

“थांबा, सांगू नका.”

बाईंनी तोंड मिटलं. मुलीची पाठ होती ते बरंच झालं, कारण त्यांचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हलावंसं वाटत नव्हतं. बाहेर समोरचे सर चहाहून परतले, टेबलावर चहा गार झाला, आणि तिसरी ओळ अजून तशीच होती.