डाव्या गार्डची जागा

आमच्या संघाचा मालक मला ओळखत नाही, हे त्याचं दुर्दैव. ओळखत असता तर दर जानेवारीत, मोसमाच्या शेवटी, हरून तोंड पाडून घरी यायची पाळी आमच्यावर आली नसती. चीकटोवागा गावात रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवण्यात माझी हयात गेली, आणि गाडीतल्या रेडिओवर मी आमच्या अमेरिकन फुटबॉलखेरीज दुसरं काही ऐकलं नाही. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, कुणाला आणायचं, हे मला त्या कामाचे पगार घेणाऱ्यांपेक्षा जास्त कळतं. ही बढाई नाही. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये कुणालाही विचारा. फक्त जीनोला, माझ्या जुन्या दोस्ताला, विचारू नका.

मार्चमध्ये ज्या खेळाडूंचे करार संपतात ते मोकळे होतात. बाजार उघडला की ज्या संघाला जो परवडेल तो त्याला घेऊन जातो. त्याच्या आदल्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात आमचं ‘वाचन’ असतं. ते ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून हॅडॉक मासा बिअरच्या पिठात बुडवून तळायचा, जोडीला कोबीची कोशिंबीर, बटाट्याचं सॅलड आणि राय ब्रेड. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, त्यातलाच प्रकार. जेवणं झाली की ज्याला ज्याला वाटतं संघ आपण चालवायला हवा, तो उभा राहून आपली योजना सांगतो. लोक मिठाच्या बाटल्या टेबलावर आपटून कौल देतात.

वाचनाला नियम एकच, आणि तो मीच घातलेला. ज्याला सोडायचं त्याच्या जागी कोण, ते तिथल्या तिथे सांगायचं. नुसतं ‘ह्याला हाकला’ म्हणायला अक्कल लागत नाही, ते कुठल्याही बारमध्ये कुणीही म्हणतं. नाव काढलं तर नाव द्या. नाही दिलं तर योजना बाद, आणि मासे तळायची सगळी भांडी घासायची. जीनोनं ती घासली आहेत, एकदा नव्हे, अनेकदा. मी कधीच नाही. माझ्याकडे नाव नाही, असं होतच नाही.

तो प्रश्न विचारायचा मान माझ्या मुलीचा, रेनाटाचा. ती एवढीशी होती तेव्हा पहिल्या बाकावर बसून, तोंडात ब्रेड असतानाच ओरडायची, “आणि त्याच्या जागी कोण?” हॉल हसायचा. पुढे ती मोठी झाली, शाळेत नर्स म्हणून लागली, तरी तो मान तिच्याकडेच राहिला. कुणी खेळाडू सोडला की सगळे तिच्याकडे बघतात, आणि ती विचारते.

माझा स्वतःचा म्हणून आणखी एक कायदा आहे. तिशी उलटलेल्या गार्डला नवा करार द्यायचा नाही. गार्ड म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढ्यात उभा राहून त्याच्या वाटचा मार अंगावर घेणारा गडी. तिशीनंतर त्याचे गुडघे बोलायला लागतात. एका वर्षी मी आमच्या लाडक्या गार्डला, ड्वेन हॅलोरनला, सोडा म्हणालो. लोकांनी आपल्या कुत्र्यांना आणि पोरांना त्याचं नाव ठेवलं होतं. त्या उन्हाळ्यात गावात मला कुणी बिअर पाजली नाही. संघानं त्याला खरंच सोडलं, दुसऱ्या शहरानं वाजतगाजत नेलं, आणि पहिल्याच महिन्यात त्याचा गुडघा गेला. मला वाईट वाटलं. पण मी बरोबर ठरलो होतो, आणि खरं सांगायचं तर त्याचं समाधान जरा जास्त होतं.

आणि मग रेनाटानं लग्न केलं ते नेमकं आमच्या संघाच्या डाव्या गार्डशी.

केलेब ओडम त्याचं नाव. मूळचा मिसिसिपीचा. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, आमचा ग्रह तीनशे वीस पौंडांचा. पण पोरगा गुणाचा. मला ‘मिस्टर थॅड’ म्हणतो, आणि टेबलावरून उठताना स्वतःचं ताट स्वतः उचलतो. पहिल्या हिवाळ्यात मी उठायच्या आत त्यानं माझ्या दारातला बर्फ काढून ठेवला होता. मी अख्ख्या गावाचा बर्फ काढला, पण माझ्या दारातला कुणी कधी काढला नव्हता. त्या सकाळी मी त्याला मनातून आपला म्हटलं. ते राहायला आले आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. त्यांची जोसी तीन वर्षांची आहे. ती माशाचं नुसतं कुरकुरीत कवच खाते आणि आतला मासा माझ्या ताटात टाकते. शुक्रवारी माझं पोट तिच्याच उष्ट्यावर भरतं.

यंदाच्या मार्चला केलेबचा करार संपत होता, आणि त्याला एकतिसावं लागलं होतं.

म्हणजे वाचनाच्या दिवशी हॉल तुडुंब का भरला होता ते कळलं असेल. एरवी येत नाहीत ते लोकही आले होते. जीनो फराची दारातच टपून बसला होता. आम्ही चाळीसेक वर्षांचे मित्र आहोत, म्हणजे एकमेकांचं बरं कधीच बघवत नाही.

“काय थॅड, आज काय करणार?” तो म्हणाला. “कायदा मोडणार की जावई?”

“तुझी योजना सांग आधी. मागच्या वर्षी तू आणलेला तो चेंडू घेऊन पळणारा घोडा अजून दवाखान्यातच आहे.”

“विषय बदलू नकोस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.”

“घोडामैदान जवळच आहे,” मी म्हणालो आणि आत गेलो.

खरं म्हणजे माझं ठरलेलं होतं. केलेब राहणार. कारणंही तयार होती, एकाहून एक चोख. फळीतला कडेचा गडी, म्हणजे डावा टॅकल, नवखा आहे, त्याच्या शेजारी जाणता माणूस पाहिजे. क्वार्टरबॅकचा त्याच्यावर भरवसा आहे. वगैरे. मी कागद वापरत नाही, सगळं डोक्यात असतं. त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण दोन गल्ल्यांवर राहत होतं. माझी बायको लॉरेन तर सकाळीच म्हणाली होती, “त्याला सोडलंस तर आज गॅरेजमध्ये झोप. हीटर नेऊ देणार नाही.” तिला म्हटलं, काळजी नको.

मी पिठात मासे बुडवत होतो तेव्हा केलेब स्वयंपाकघरात आला. एप्रन त्याच्या पाठीवर बांधला जात नाही, म्हणून तो पुढे नुसता लटकवतो. तो मासे पुढे सरकवायला लागला.

“मिस्टर थॅड, एक मागायचं होतं.”

“अरे, राहिलायस तू. झालं ते. कुणाला बोलू नकोस.”

“नाही, तेच,” तो म्हणाला. “मला सोडा.”

माझ्या हातातला मासा पिठात बुडून खाली गेला.

त्यानं सांगितलं ते सरळ होतं. आमच्या संघानं त्याला कळवलं होतं, एक वर्ष, तेही राखीव म्हणून. म्हणजे बाकावर बसायचं आणि पुढच्या मार्चला घरी जायचं. त्याचा जुना कोच आता ॲरिझोनात होता, तिथली डाव्या गार्डची जागा रिकामी होती. एजंटचं म्हणणं, बाजार उघडला की तिकडून तीन वर्षांचं बोलणं येईल, आणि पहिल्या फळीत. त्याच्या धंद्यात ह्या वयात अशी संधी शेवटचीच असते.

“मग अडलंय कुठे?”

“रेनाटापाशी. ती म्हणते, जायचं नाही. पप्पाला विचारायचंसुद्धा नाही, तो मोडून पडेल.” त्यानं हात पुसले. “मी तिला ओढून नेणार नाही, मिस्टर थॅड. ती नाही म्हणाली तर मी बाकावर बसेन. पण तुमच्या तोंडून आलं तर ती ऐकेल. कुणी राहायचं, कुणी जायचं, यात लहानपणापासून ती फक्त तुमचंच ऐकत आलीय.”

“आणि जोसी?” मी विचारलं.

तेल तापून धूर यायला लागला तेव्हा तो म्हणाला, “तुम्ही ठेवा म्हणालात तरी मी रागावणार नाही.” हे तो मनापासून म्हणाला, म्हणून मला त्याचा राग आला. माणसानं एवढं चांगलं असू नये, समोरच्याला पळायला वाट राहत नाही.

जीनो आधी उभा राहिला. भाच्याकडून प्रोजेक्टर आणला होता, भिंतीवर आकडे नाचत होते. पगाराची जी मर्यादा प्रत्येक संघाला पाळावी लागते, ती त्यानं तिसऱ्याच खेळाडूत ओलांडली. बाटल्या दोन-चारच आपटल्या. मग माझी पाळी.

मी उभा राहिलो की मला बरं वाटतं, तसं त्या दिवशीही वाटलं, खोटं कशाला बोलू. पहिल्या पाच मिनिटांत मी हॉल खिशात घातला. लोणी लावल्यासारखा हातांतून चेंडू निसटणारा तो उंच रिसीव्हर गेला.

“आणि त्याच्या जागी कोण?” पहिल्या बाकावरून रेनाटा.

नाव दिलं, पगार सांगितला. बाटल्या. बचावातले दोन म्हातारे गेले. तिनं विचारलं, मी दोघांची नावं दिली, त्यातला एक असा की जीनोनंसुद्धा भुवया वर केल्या. बाटल्या. किक मारणारा ठेवला, कारण आमच्या वाऱ्यात चेंडू सरळ मारणं शाळेत शिकवत नाहीत. हशा. लॉरेन स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताटं घेत होती, तिच्या चेहऱ्यावर मी लग्नानंतर क्वचित पाहिलेलं कौतुक होतं.

“आता डावा गार्ड,” मी म्हणालो.

रेनाटाच्या मांडीवर जोसी माशाचं कवच सोलत होती. रेनाटा माझ्याकडे बघत होती ती निश्चिंतपणे. तिला वाटत होतं, तिला माहीत आहे मी काय म्हणणार ते.

“माझा कायदा सगळ्यांना ठाऊक आहे. तो मी ड्वेन हॅलोरनला लावला. माझा जावई आहे म्हणून केलेबला लावला नाही, तर मी कसला योजना सांगणारा. त्याला मनापासून धन्यवाद द्यायचे आणि सोडायचं. ज्याला त्याची किंमत कळते, त्यानं घ्यावं. तीन वर्षं घ्यावं. तो तीन वर्षं पुरेल, हे मी लिहून देतो. केलेबनं जावं. इथं बाकावर बसून राहू नये, कुणासाठीही नाही.”

एकही बाटली वाजली नाही. लॉरेननं ताट खाली ठेवलं. मी केलेबकडे बघितलं नाही. सगळे रेनाटाकडे बघत होते, कारण आता तिची पाळी होती.

तिचं तोंड लाल झालं होतं. ती नर्स आहे, रक्त बघून डगमगत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “आणि त्याच्या जागी कोण, पप्पा?”

माझ्या डोक्यात सगळ्या देशातले गार्ड असतात. क्लीव्हलँडचा एक होता, स्वस्तातला. कॉलेजातून येणारा एक बरा होता. नाव द्यायला काय लागतं? मी तोंड उघडलं, आणि मला एकही नाव घेववेना.

“कोणी नाही,” मी म्हणालो.

“काय?” मागून कुणीतरी.

“कोणी नाही. बाजारात माल नाही. जागा रिकामी.”

आणि मी खाली बसलो. जीनो उठला. इतकी वर्षं तो ह्या क्षणाची वाट बघत होता, मला वाटलं आता टेबलावर चढून नाचेल. तो माझ्याजवळ आला, खुंटीवरचा एप्रन काढून माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाला, “योजना बाद. मोठी कढई आधी घे, तिचं तेल लवकर गोठतं.” एवढंच. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी तो झटकला नाही.

भांडी खरंच वाईट असतात. हॅडॉकचं जळकं पीठ तळाला असं बसतं की बर्फ परवडला. मी दुसऱ्या कढईवर होतो तेव्हा रेनाटा आत आली. तिनं फडकं घेतलं आणि पहिली पुसायला लागली.

“केलेब बोलला तुझ्याशी,” ती म्हणाली.

“बोलला.”

“मी त्याला नको सांगितलं होतं.”

“नवऱ्यांना नको सांगितलं की ते तेच करतात. आईला विचार.”

ती हसली नाही. “नाव का नाही दिलंस? क्लीव्हलँडचा तो आहे की. मलासुद्धा माहीत आहे.”

“तो गार्डच्या जागेवर चालेल,” मी म्हणालो. “रविवारी जेवायला येणार आहे का तो? जोसीला आणणार आहे?” मी कढईचा तळ खरवडला. “तू गेलीस की मला फार जड जाईल, रेनाटा. रोज जाईल. ते काही लपणार नाही, आई फोनवर सांगेलच. पण मी मोडणार नाही. मी गाडी घेऊन वादळात रात्र रात्र काढलीय. तू जा.”

तिनं ओल्या फडक्यासकट माझ्या पाठीला मिठी मारली. शर्ट भिजला. ती रडत होती आणि मीही. तेल गोठत होतं म्हणून घासणं काही मी थांबवलं नाही.

काही वेळानं तिनं नाक पुसलं. “उन्हाळ्यात येशील?”

“जूनमध्ये? वाळवंटात? थंडीत येईन. आणि एक काम कर. तिकडे गेल्या गेल्या केलेबला सांग, त्यांचा उजवा टॅकल आधी बदलायला हवा. मी पाहिलाय, पाय हलत नाहीत त्याचे.”

रेनाटानं कढई खाली ठेवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, “आणि त्याच्या जागी कोण?”

मी नाव सांगितलं. मग पगार सांगितला.