आईंचा डावा डोळा

"हात थरथरतोय बघ तुझा!" पाहुण्यांदेखत नवरा हसत म्हणाला. "ट्रे दे इकडे. पेशंटच्या डोळ्यांचं काय करत असशील, देव जाणे!"

पाहुणे हसले. तीही हसली. ती डोळ्यांची नावाजलेली सर्जन, पण घरात हा विनोद रोजचाच होता. आरडाओरडा नाही, अंगावर हात टाकणं तर नाहीच. वर पुन्हा "तुझ्या भल्यासाठीच बोलतो ना." टाकीचे घाव बसत होते, मूर्ती मात्र घडत नव्हती, दगडच झिजत चालला होता. ती स्वतःचे हात निरखू लागली. आधी अवघड ऑपरेशनं सहकाऱ्याकडे गेली, मग सोपीही. शेवटी ती नुसते चष्म्याचे नंबर काढत बसली.

अशात सासूबाईंच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला.

"हिच्याकडे नको," नवरा म्हणाला. "घरच्या माणसावर प्रयोग कशाला?"

"तू गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. "सुनेशिवाय कुणाला हात लावू देणार नाही मी."

तो गेल्यावर ती पुटपुटली, "आई, खरंच दुसरं कुणीतरी बघू या. मला भीती वाटते."

"तुझे सासरे मला म्हणायचे, तुला रस्ता ओलांडता येत नाही. जन्मभर एकटी बाहेर पडले नाही मी. ते गेल्यावर कळलं, येतो की! पण तोवर जायला ठिकाणच उरलं नव्हतं गं."

ऑपरेशनच्या दिवशी पहिला छेद घेण्याआधी तिने सगळी हत्यारं दोनदा मोजली. मग मात्र हात माहेरी आल्यासारखे बिनघोर वावरले.

दुसऱ्या दिवशी तिने पट्टी काढली. सासूबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. कित्येक वर्षांनी ते त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"अगं बाई, किती वाळलीस!"

"नशीब, डोळा शाबूत राहिला," नवरा म्हणाला. "चला, गाडी काढतो."

तिने औषधाची बाटली त्याच्या हातात ठेवली.

"हे थेंब तुला घालावे लागतील. मी घरी येणार नाहीये."

"म्हणजे? आज उशीर होणार का?"

"नाही. येणारच नाहीये."

तो हसायला गेला, पण जमलं नाही. तिने आवाज न चढवता दाखवलं, "खालची पापणी अशी ओढायची. हलक्या हाताने."

त्याने करून पाहिलं. थेंब गालावर ओघळला.

"हलक्या हाताने," ती पुन्हा म्हणाली.

सासूबाई डोळा सताड उघडा ठेवून बसल्या होत्या. त्या मुलाकडे बघत नव्हत्या, तिच्याकडे बघत होत्या.