गिटारवरचं नाव

"सिग्नेचर मॉडेल आहे मॅडम. सरांनी स्वतः डिझाइन केलंय," शिवम म्हणाला. शिवम हा लातूरच्या त्या वाद्यांच्या दुकानाचा मालक. सर म्हणजे परदेशातला एक केसाळ गिटारवाला, ज्याला समोर नकाशा धरला तरी लातूरवर बोट ठेवता येणार नाही. त्याचं नाव मी इथे घेणार नाही. गिटारवर दोन ठिकाणी आहे, तेवढं पुरे.

एकदा डोक्याशी, तारांच्या खुंट्या असतात तिथे, सोनेरी लपेटदार सही. आणि पुन्हा एकदा मानेवर मधोमध, बोटांच्या खाली. अंगाचा रंग जांभळा, त्यावर हिरव्या विजा. जत्रेतल्या पाळण्यालासुद्धा याहून बरा रंग देतात. सरांची खरी गिटार ज्या किमतीला मिळते त्यात आमच्या अहमदपुरात प्लॉट येईल. ही त्यांनी आमच्यासारख्यांसाठी काढलेली स्वस्त आवृत्ती. लाकूड हलकं, खुंट्या हलक्या, सही मात्र तीच.

"यात नुसत्या सहीचे किती लावलेत?" मी विचारलं.

शिवम हसला. मी विनोद केला नव्हता.

पण गिटार मला हवी होती, आणि लवकर हवी होती. माझे मामा आनंदराज नांदेडला भीमगीतांची पार्टी चालवतात. मी नांदेडच्याच एका शाळेत संगीत शिकवते, म्हणजे गॅदरिंगसाठी पोरांचे नाच बसवून देते. मामांच्या पार्टीत मी लहानपणापासून कोरसमध्ये टाळ्या वाजवत आले. गिटार शिकले ती उसन्या गिटारवर, जिची मान इतकी वाकली होती की वरच्या सुरांना हात लावायची सोय नव्हती. यंदा एप्रिलमध्ये कंधारला जयंतीचा मोठा कार्यक्रम होता. मामांनी साफ सांगितलं होतं, "माया, सोताची गिटार आण. आख्खा कार्यक्रम टिकली पाहिजे. तर पुढं बसशील. न्हाई तर हरिओम हाय की, तो कीबोर्डातून वाजवतो गिटार."

हरिओम आमचा कीबोर्डवाला. तो एक बटण दाबतो आणि त्यातून गिटार निघते असं त्याला वाटतं. मला त्यातून डास निघाल्यासारखे वाटतात. पण लोक टाळ्या देतात. कंधारला तो एकदा ते वाजवून गेला असता, तर मामांनी पुढे कधीच दुसरी गिटार शोधली नसती आणि मी म्हातारी होईपर्यंत मागे उभी राहून टाळ्याच वाजवल्या असत्या.

महिनाभर मी या गिटारीचे व्हिडिओ पाहिले होते. प्रत्येक जण आधी खोका उघडतो, मग आश्चर्य वाटल्याचं तोंड करतो, मग सांगतो की या किमतीत याहून चांगली गिटार नाही. मागच्या महिन्यात दुसऱ्या गिटारीबद्दल तो हेच सांगत होता. यांना कंपन्या फुकट गिटारी पाठवतात, आणि आम्ही यांना विचारून विकत घेतो. या सगळ्यात मूर्ख कोण ते मला कळत होतं.

शेवटी मी ती मांडीवर घेतली आणि माझी पंचाईत झाली. मान सरळ होती. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या कडा बोटांना कापत नव्हत्या. ॲम्प्लिफायरमधून आवाज जाड आणि भरलेला येत होता. वरचा सूर मी ओढला तर तो रडला नाही, गायला. असल्या भिकार रंगाच्या वस्तूला इतकी चांगली मान देण्याचं काहीही कारण नव्हतं. मला रागच आला.

मग मी खोट शोधली, आणि ती सापडली. तारा जिथे बांधतात तो ब्रिज या गिटारीत पक्का नसतो, तरंगता असतो. एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने पोटातल्या स्प्रिंगा. मधे एक दांडी. ती दाबली की सूर घसरतो, सोडली की जागेवर येतो. सर स्टेजवर ती दांडी दाबून कुत्रं विव्हळल्यासारखा आवाज काढतात आणि हजारो लोक वेडे होतात. पण एक तार तुटली की तोल गेला, उरलेल्या पाचही तारा बेसूर. सरांच्या मागे दुसरी गिटार घेऊन माणूस उभा असतो. माझ्या मागे कोण उभं राहणार होतं?

"घेऊन जा मॅडम. वाजवून बघा," शिवम म्हणाला. "आठ दिवसांत परत आणली तर सगळे पैसे परत. फक्त एक ओरखडा नको, आणि मागच्या झाकणाचं स्टिकर फाटायला नको."

शनिवार होता. मी पैसे भरले आणि एसटीने अहमदपूरला घरी आले.

घर म्हणजे आई. पारूबाई. नगरपरिषदेच्या शाळेत शिपाई आहे. मी संध्याकाळी छोट्या ॲम्प्लिफायरवर वाजवत बसले, ती दारात उभी राहून ऐकत होती. मग जवळ आली आणि सहीवर बोट ठेवून म्हणाली, "हे कुणाचं नाव?"

"हाय एक गोरा."

"त्यानं दिली व्हय भेट?"

हसू नका. आमच्याकडे वस्तूवर नाव असतं ते एक तर देणाऱ्याचं, नाही तर घरच्या कर्त्या पुरुषाचं. लग्नातल्या हंड्यावर 'सप्रेम भेट' आणि मामाचं नाव. विहारातल्या पंख्याच्या प्रत्येक पात्यावर देणगीदार. आपण घेतलेलं भांडं असलं तरी दुकानदार मशीन घेऊन कर्र-कर्र करत त्यावर नाव कोरून देतो, त्याशिवाय ते घरी येत नाही.

"भेट नाही. पैसे देऊन घ्यायची."

"पैसे आपले आन् नाव त्याचं?" आई म्हणाली. "लई हुशार हाय की."

महिनाभर डोकं खपवून मला जे नीट म्हणता आलं नव्हतं, ते ती एका वाक्यात बोलून भाकऱ्या थापायला गेली.

मंगळवारी नांदेडला तालीम होती. रंग बघून ढोलकीवाला म्हणाला, "बसस्टँडवरच्या शीतपेयाच्या गाड्यावर लावा." हरिओम नुसता बघून हसला. ते जास्त झोंबलं. दोन गाणी बरी गेली. मामा मान डोलवत होते. तिसऱ्या गाण्यात पातळ तार तुटली आणि बाकीच्या पाच वर चढल्या. त्या पाच तारांतून जे निघालं त्याला मी नाव देऊ शकत नाही. मी हात काढून घेतला. हरिओमने ताबडतोब बटण दाबलं आणि गाणं पुढे गेलं.

तालीम संपल्यावर मामा म्हणाले, "माया, लोक बक्षीस घेऊन उभे राहतात. गाणं थांबलं की ते पैसा खिशात घालून खाली बसतात. तार तर तुटणारच, सगळ्यांची तुटते. पण एका तारेपायी सगळीच्या सगळी रुसती, हे कसलं वाद्य?"

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मी हेच म्हणत होते ना? नुसती सही, नुसता देखावा, पोकळ वस्तू. मी नांदेडच्या भाड्याच्या रूमवर आले आणि खूप रडले. कारण पहिली दोन गाणी मी कशी वाजवली होती, ते मला माहीत होतं. आणि पैसे परत घेऊन कंधारच्या आधी त्यात दुसरी तशी गिटार मिळणार नव्हती, हेही माहीत होतं. तरी परत द्यायची असं ठरवलं. भिकार वस्तूसाठी रडायचं कशाला?

शनिवारी संध्याकाळी मी गिटार घेऊन घरी आले. आईला एवढंच सांगितलं की उद्या लातूरला जायचंय. रविवार शेवटचा दिवस होता. सकाळी मी न्हाऊन आले, तर घरात ना आई, ना गिटार. मी चौकापर्यंत जाऊन आले. तासाभराने आई रस्त्याने येताना दिसली. गिटार जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, लेकरू घ्यावं तशी खांद्यावर.

"कुठं नेली होतीस?"

"संगप्पाकडं."

संगप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. आई लुगडं सोडत असतानाच मला कळलं. गिटारीच्या अंगावर, तारांच्या खाली, ऐन दर्शनी भागात, जांभळ्या रंगातून पांढरं लाकूड उघडं पडलं होतं. ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं, तांब्यावर असतात तशी.

*महामाया पारूबाई.*

महामाया हे माझं शाळेच्या दाखल्यावरचं नाव. डोक्याकडची सही कानशीने घासून काढली होती. मानेवरची तेवढी राहिली होती.

"आई, तू काय करून ठेवलंस!" मी ओरडले. "आज परत द्यायची होती! एक ओरखडा नको म्हणाला होता तो!"

"परत?" आई खरोखर गोंधळली. "कशापायी? मागल्या शनवारी वाजवत होतीस तवा तुझं तोंड पाहिलं म्या. असं तोंड मी तुझं धा वर्षांत पाहिलं न्हाई. मला वाटलं घेतलीस."

मी पुन्हा ती अक्षरं वाचली. आमच्या घरात हंडा आहे, परात आहे, डबे आहेत. सगळे आईच्या पगारातले. सगळ्यांवर 'निवृत्ती सोनकांबळे' असं कोरलेलं. निवृत्ती म्हणजे माझे वडील. मी तिसरीत असताना पुण्याला कामाला म्हणून गेले आणि तिथलेच झाले. त्यांनी या घरात चमचा आणलेला मला आठवत नाही. तरी गेल्या दिवाळीत घेतलेल्या कुकरवरसुद्धा त्यांचंच नाव आहे.

"संगप्पा काही बोलले न्हाईत?"

"बोलला की. म्हणला, लाकडावर कधी टाकलं न्हाई. आन् म्हणला, निवृत्तीरावाचंच टाकू ना?" आई लुगड्याची घडी घालत होती. "म्हणलं, न्हाई. लई झालं त्याचं."

तिने घडी पूर्ण केली आणि ती चहा ठेवायला गेली. मी उठून गिटारीच्या मागचं स्टिकर नखाने फाडलं.

झाकणाखाली सरांच्या त्या जगप्रसिद्ध स्प्रिंगा होत्या. घरात पोळपाटाचा एक मोडका पाय पडलेला होता. त्याचे मापाने दोन तुकडे कापून, घासून, मी ब्रिजच्या दोन्ही बाजूंना ठोकून बसवले. ब्रिज जाम झाला. दांडी काढून कचऱ्यात टाकली. सरांनी स्वतः डिझाइन केलेल्या गोष्टीतली सरांची एवढीच करामत होती, आणि ती पोळपाटाच्या पायाने संपली. मी मुद्दाम एक तार कात्रीने कापली. बाकीच्या पाच जागेवर राहिल्या.

कंधारला मैदान भरलं होतं. मी पुढे बसले. हरिओम माझ्या डाव्या हाताला, बटणावर बोट ठेवून तयार. पाचव्या गाण्यात तार तुटलीच. मी उरलेल्या पाचांवर वाजवत राहिले, आणि हरिओमचं बोट बटणावर नुसतं बसून राहिलं. त्याच्याकडे मी एकदा पाहिलं. नीट पाहिलं.

त्याच गाण्यात लोक बक्षीस घेऊन येऊ लागले. आमच्याकडे गाणं चालू असताना गायक नोट घेतो आणि देणाऱ्याचं नाव माइकवर पुकारतो. बायका येतात त्या नवऱ्याचं नाही तर पोराचं नाव सांगतात. आई रांगेत कधी उभी राहिली ते मला दिसलं नाही. एकदम मामांच्या समोरच दिसली, हातात नोट. मामांनी ती घेतली आणि सवयीने माइकमध्ये सुरू केलं, "आमचे भाऊजी, आयुष्मान निवृत्ती..."

आईने माइकच्या तोंडावर हात ठेवला. तरी तिचा आवाज निम्म्या मैदानाला ऐकू गेला.

"त्याचं न्हाई. गिटारीवर लिवलंय, ते वाच."

मामा वळले, वाकले आणि माझ्या मांडीवर वाचू लागले. गाणं थांबलं नव्हतं.