पितळेचा थेंब

गंजूताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण गंजकी टाकी घेऊन गिऱ्हाईक गॅरेजात आलं, की मामा मागच्या खोलीकडे बोट दाखवायचा, तिकडे, गंजूताईकडे. आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला त्याचा राग नव्हता. गंज काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, मग नावाला कशाला नाक मुरडायचं? कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या जिन्याखाली सडलेल्या मोटारसायकली तिच्या टेबलावर यायच्या आणि नव्या होऊन जायच्या. फक्त तयार गाडीवर ती कधी बसायची नाही. गिऱ्हाईक कौतुकाने म्हणायचं, मारा की एक चक्कर, पहिला मान तुमचा. ती हात पुसत आत निघून जायची, आणि मामा घाईघाईने दुसरा विषय काढायचा.

कारण गल्लीत कुणीही सांगेल. कॉलेजात असताना बाबांची जुनी मोटारसायकल ती चालवत होती आणि मागे आई बसली होती. वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ कठड्यावर गेली. ही खरचटण्यावर वाचली, आई जागच्या जागी गेली. हॉस्पिटलात ही एकच गोष्ट घोकत होती, हँडल हातात आलं, हँडल हातात आलं. पण ऐकतो कोण? मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, त्यातून नावाजलेला मेकॅनिक. तो भिंतीला टेकून एवढंच म्हणाला, की असं हँडल हातात येत नसतं. झालं, विषय संपला. त्याने गाडी बघितलीसुद्धा नव्हती. पण बहीण समोर पडलेली असताना गाडी बघायचं सुचतंय कुणाला? गाडी बाबांनी टेंपोतून आणवली आणि मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ढकलली.

आणि बाबांनी तर कमालच केली. घर नातेवाइकांनी भरलेलं असताना, सगळ्यांदेखत, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “झालं ते झालं. मी तुला माफ केलं, बाळ.” बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. केवढं मोठं मन या माणसाचं, असं जो तो म्हणाला. त्या मोठ्या मनाखाली पोरगी पुरती दबून गेली. परगावची नोकरी सोडली, चांगलं चालून आलेलं स्थळ हातचं घालवलं, बाबांचं जेवणखाण, औषधपाणी सगळं अंगावर घेतलं. मामाने गॅरेजात जागा दिली, तेही उपकारच मानले. हळूहळू तिला स्वतःलाच वाटायला लागलं, की हँडल कुठलं हातात येतंय, आपलंच लक्ष नसणार.

अशी दहाबारा वर्षं गेली. बाबांचे गुडघे जिना चढेनात, म्हणून तळमजल्यावरचं घर बघितलं आणि शेड रिकामी करायची वेळ आली. बाबा म्हणाले, ते धूड भंगारवाल्याला देऊन टाक. ती नाही म्हणाली. आई जन्मभर ज्या सीटवर बसली ती गाडी भंगारात द्यायला तिचं मन होईना. नीट करून एखाद्या हौशी माणसाच्या हाती देऊ, असं तिने सांगितलं. बाबा कुरकुरले, मग म्हणाले, बरं, पण पुढच्या चाकाचा चिमटा तेवढा दांडीसकट टाकून दे, नवा घाल. जेवताना पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी ती चपला घालत असताना पुन्हा तेच. तिला हसूच आलं. जुन्या गाडीचा मूळ भाग फेकून द्यायचा, आणि तोही गंजूताईने? अहो, मग धंदा कशाला करायचा?

गॅरेजच्या मागच्या खोलीत तिने पाण्यात धुण्याचा सोडा कालवला, मोडका चिमटा आणि हँडलची तुटलेली दांडी त्यात सोडली, बॅटरीच्या चार्जरच्या तारा जोडल्या. बारीक बुडबुडे यायला लागले. असं ठेवलं की गंज काळ्या गाळासारखा सुटतो आणि खालचं लोखंड हाताला लागतं. सकाळी तिने दांडी बाहेर काढून ब्रश मारला. हीच ती दांडी, जिच्या जोरावर हँडल फिरवलं की चाक फिरतं. मानेशी तिचे दोन तुकडे झाले होते. आणि तुटलेल्या काठावर, काळ्या लोखंडात, अर्ध्या गोलात पिवळी रेघ चमकत होती.

लोखंडाला गंज चढतो, पितळेला नाही. दांडीला आधीच चीर गेली होती. कुणीतरी त्या चिरेत वितळलेल्या पितळेची झाळ भरली, कानशीने घासली, वरून काळा रंग फासला, आणि वळणावर ती झाळ उकलली. म्हणजे हँडल हातात आलं होतं. खरंच आलं होतं. रडू की हसू, तिला कळेना.

मग तिने तुकडा उजेडात फिरवला. रेघ जिथे संपत होती तिथे पितळेचा एक गोल थेंब होता, मोहरीएवढा, मुद्दाम ठेवलेला. तसा थेंब तिच्या लहानपणच्या तीनचाकी सायकलवर होता. आईच्या पेटीच्या कडीवर होता. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या खिटीवर तर आजही होता. बाबा कारखान्यात फिटर होते, घरातलं काहीही मोडलं की स्वतःच जोडायचे आणि शेवटी असा थेंब सोडायचे. ही आपली सही, म्हणायचे.

मामा पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होता. तिने त्याला हाक मारली नाही. तुकडे फडक्यात गुंडाळून ती घरी गेली आणि बाबांच्या पुढ्यातल्या पेपरवर ठेवले. बाबांनी फडकं उघडलंसुद्धा नाही.

“टाकून दे म्हणालो होतो ना,” ते म्हणाले.

तिला विचारायचीही गरज पडली नाही, ते आपणहून बोलत सुटले. चीर आईनेच पहिल्यांदा बघितली होती. भावाकडे घेऊन जा, असं तिने दोनचारदा सांगितलं होतं. पण मेव्हण्याच्या दारात जायचं म्हणजे बाबांच्या जिवावर यायचं. आपला हात काय कमी आहे, असं म्हणून त्यांनीच झाळ मारली. हॉस्पिटलात पोरीचे शब्द कानावर पडले त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं होतं.

“मग बोलला का नाहीत?”

बाबा पेपराचा कोपरा दुमडत राहिले. “तू लहान होतीस. तुला सगळ्यांनी सांभाळून घेतलं असतं, घेतलंही. मला कुणी घेतलं असतं?”

“सांभाळून?” ती म्हणाली. “बाबा, तुम्ही मला माफ केलं होतंत. माझ्या डोक्यावर हात ठेवून.”

ते रडायला लागले. म्हातारं माणूस रडताना बघवत नाही. तिचा हात सवयीने त्यांच्या पाठीकडे गेला आणि मध्येच थांबला. ते म्हणाले, आता तू मला माफ कर, पण मामाला सांगू नकोस, तो माझं तोंड बघणार नाही. हे ऐकलं आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं त्याच मामापुढे ती कुठल्या तोंडाने उभी राहत होती?

“मी नाहीच सांगणार,” ती म्हणाली. “तुम्ही सांगायचं. मला माफ सगळ्यांदेखत केलंत, हे निदान एकादेखत तरी सांगा.”

संध्याकाळी मामा आला. हातपाय धुऊन खुर्चीत बसला, टेबलावरचं फडकं बघून म्हणाला, हे काय आणलंयस? तिने फडकं उघडलं आणि बाबांकडे बघत उभी राहिली. बाबांनी आधी गुडघे चोळले. तिला वाटलं, हे आता गुडघ्यांचं काढतील, हवेचं काढतील.

“हँडल हातात आलं होतं,” बाबा म्हणाले. “पोरगी खरं बोलत होती. दांडी मी जोडली होती.”

मामाने तुकडा उचलला. पिवळ्या रेघेवरून अंगठा फिरवला, थेंबावर थांबवला. सगळ्या भागातल्या गाड्यांची नस ओळखणारा माणूस, पण त्याला मान वर करून भाचीकडे बघता येईना. मग कसंबसं म्हणाला, “मी एकदा ताडपत्री उचलून बघायला हवी होती गं.”

तिला वाटलं होतं, हे ऐकलं की हलकं वाटेल. कसलं हलकं अन् कसलं काय. नोकरी गेली ती गेली, तो मुलगा दुसरीकडे संसाराला लागला, आणि आज सकाळपर्यंत जे बाबा होते तेही गेले. रडायचं नाही असं ठरवूनही ती रडली. डोळे पुसून तिने चपला घातल्या. बाबांनी क्षीण आवाजात विचारलं, कुठे निघालीस, माझं औषध राहिलंय.

“मामा देईल,” ती म्हणाली आणि जिना उतरली.